तज्ज्ञ डॉक्टर नेमला तरी बाळंतीण का दगावते?

इंदूरात राजवाड्याकडून पलासियाकडे निघालं की स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पाट्या दिसतच राहतात. त्याच इंदूरातून धार, कुक्षी करत अलीराजपूर या आदिवासी जिल्ह्यात गेलं तर अंतर साधारण २०० किलोमीटर. २०१८ ते २०२० या काळात मध्य प्रदेशात दर १ लाख जिवंत जन्मांमागे १७३ माता दगावल्या. देशाची सरासरी तेव्हा ९७ होती आणि केरळची १९. म्हणजे वैद्यकशास्त्राला उपाय माहीत नाही म्हणून या बायका गेल्या नाहीत. उपाय वेळेत त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

इंदूरच्या रामबागेत किंवा लोकमान्य नगरात हा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं: डॉक्टर खेड्यात जायला तयार नसतात, सरकारने सक्तीने पाठवावेत. मी स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, झाबुआ-अलीराजपूर पट्ट्यात माझं जाणं-येणं आहे, आणि मला हे उत्तर अर्धवट वाटतं. समजा, एक चांगली, अनुभवी डॉक्टरीण तिथे नेऊन बसवली. ती काय करू शकेल?

तिच्यासमोर अडलेली बाई आली आणि सिझेरियन करायचं ठरलं. भूल द्यायला कोणी नसेल तर सुरी उचलताच येत नाही. भूल देणारा आहे पण रक्त नाही, तर उचलायची हिंमत होत नाही. बाळ जन्मून रडलं नाही तर त्याला सांभाळणारं माणूस लागतं. रात्री २ वाजता ऑपरेशन थिएटर उघडणारी नर्स लागते, निर्जंतुक केलेलं सामान तयार लागतं, वीज गेली तर जनरेटरमध्ये डिझेल लागतं. यातलं एक नसलं तरी बाकीचं असून नसल्यासारखं. हे सगळं चोवीस तास जिथे मिळतं, त्या रुग्णालयाला सरकारी भाषेत एफआरयू, म्हणजे प्रथम संदर्भ केंद्र म्हणतात. आदिवासी आणि डोंगराळ भागात दर ८०,००० लोकसंख्येमागे एक सामुदायिक आरोग्य केंद्र असावं आणि तिथे शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ असावेत, असा निकष आहे. प्रत्यक्षात २०२१-२२ च्या केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार देशभरातल्या ग्रामीण केंद्रांत गरजेच्या मानाने सुमारे ८० टक्के तज्ज्ञ कमी होते.

मग एकटी पडलेली डॉक्टरीण काय करते? प्रत्येक अवघड बाई पुढे पाठवते. शिकलेलं हातून होत नाही, नातेवाईक तिच्यावरच चिडतात, आणि काही वाईट झालं तर गर्दी तिच्याच दारात जमते. वर्ष-दोन वर्षांत ती सोडून जाते. मला त्या डॉक्टरांचा राग येत नाही. माझं मत असं, की दहा केंद्रांवर एकेक तज्ज्ञ विखरून ठेवण्यापेक्षा तीन केंद्रांवर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ जोडीने ठेवावेत, आणि तीच तीन केंद्रं रात्रंदिवस नक्की चालू राहतील हे बघावं. कुठे जायचं हे लोकांनाही मग पक्कं कळतं. एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांत प्रसूतीच्या शस्त्रक्रियांसाठी भूल द्यायला शिकवणारा सरकारी अभ्यासक्रम आहेच. तो शिकलेल्या डॉक्टरची बदली जिथे ऑपरेशनच होत नाही अशा जागी झाली, तर ते शिक्षण फुकट गेलं.

पण केंद्र कितीही सज्ज असो, बाई तिथपर्यंत यायला हवी. १९९४ मध्ये सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी मातामृत्यूमागचे उशीर तीन भागांत मांडले: दवाखान्यात न्यायचं हे ठरवायला लागणारा उशीर, तिथे पोचायला लागणारा उशीर, आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा उशीर. अलीराजपूरच्या डोंगरात हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले दिसतात. भिल्ल, भिलाला कुटुंबांची घरं आपापल्या शेतावर, टेकडीवर, एकमेकांपासून लांब असतात. अशा घरांच्या वस्तीला फलिया म्हणतात. १०८ ची गाडी येते ती डांबरी रस्त्यापर्यंत. तिथवर बाईला झोळीत किंवा खाटेवर घालून चार जणांनी उचलून आणायचं. घरचे पुरुष मजुरीला गुजरातेत गेलेले असतील तर उचलणार कोण, आणि निर्णय कोणाचा? सासूला वाटतं, सकाळपर्यंत वाट बघू. तिला आडमुठी म्हणणं सोपं आहे. मागच्या वेळी तिने नेलं तेव्हा दोन ठिकाणांहून पुढे पाठवलं गेलं असेल आणि दागिना गहाण पडला असेल, तर तिचं थांबणं मला तरी समजतं. म्हणजे तिसरा उशीर एकदा अनुभवला की पुढच्या बाळंतपणात पहिला उशीर वाढतो.

आता वेळ किती असतो ते बघू. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला आणि काहीच केलं नाही, तर साधारण २ तासांत बाई जाऊ शकते. डोंगरातून तालुक्याला पोचायलाच एवढा वेळ लागतो. म्हणून तज्ज्ञाकडे नेईपर्यंतचे उपचार वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर, तिथे असलेल्या माणसाच्या हातून व्हायला हवेत.

बाळ बाहेर आल्या आल्या नर्सने ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं की गर्भपिशवी आवळते आणि रक्त थांबायला मदत होते. अडचण एवढीच, की हे औषध २ ते ८ अंश तापमानात ठेवावं लागतं. उपकेंद्रातला फ्रिज मे महिन्यात वीज नसताना बंद पडला असेल तर कुपी दिसायला तशीच राहते, तिच्यातला दम गेलेला असतो. म्हणून मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या सोबत ठेवायच्या. त्यांना फ्रिज लागत नाही. ट्रानेक्झॅमिक ॲसिड हे तिसरं औषध. २०१७ मध्ये २०,००० बायकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं, की रक्तस्राव सुरू झाल्यापासून ३ तासांच्या आत ते दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी होतात. त्यानंतर दिलं तर उपयोग होत नाही.

पण रक्त जास्त जातंय हे ओळखायचं कसं? टेबलावर, चादरीत, फडक्यात, जमिनीवर सांडलेलं रक्त डोळ्यांनी मोजायला गेलं की अंदाज बहुतेक वेळा कमीच येतो, मोठ्या डॉक्टरांचाही. यावर उपाय अगदी साधा आहे. बाईच्या कमरेखाली प्लॅस्टिकचं एक आवरण पसरतात. त्याचं खालचं टोक निमुळत्या पिशवीसारखं टेबलाखाली लोंबतं आणि त्यावर मापाच्या रेघा छापलेल्या असतात. नर्स घड्याळ बघते, रेघ बघते. रक्त ५०० मिलीच्या रेघेला टेकलं की कोणाला विचारत बसायचं नाही. पोटावरून गर्भपिशवी चोळायची, ऑक्सिटोसिन, ट्रानेक्झॅमिक, सलाईन सुरू करायचं, फाटलंय का ते तपासायचं, आणि हे सगळं एकापाठोपाठ एक न करता एकदमच करायचं. आफ्रिकेतल्या चार देशांत ही पद्धत ८० रुग्णालयांत पारखली गेली. २०२३ मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा जोराच्या रक्तस्रावाचं प्रमाण आणि त्यातून उद्भवणारे वाईट परिणाम मिळून ६० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. यात कुठलंही नवं औषध नव्हतं. मोजणं आणि पटकन हात चालवणं, एवढ्यावर हा फरक पडला.

दुसरा घातक प्रकार म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढून येणारे झटके. गावात याला बाहेरची बाधा समजून भगताकडे, म्हणजे तिथल्या भाषेत बडव्याकडे नेतात. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त आणि खात्रीचं औषध आहे. पुढे पाठवण्याआधी पहिला डोस एएनएम, म्हणजे उपकेंद्रातल्या नर्सने द्यायचा असतो: एकूण १० ग्रॅम, ५ ग्रॅम एका कुल्ल्यात आणि ५ ग्रॅम दुसऱ्यात, खोल स्नायूत. एवढं औषध एकदम टोचायचं म्हणून नर्स घाबरतात, आणि इंजेक्शन न देताच गाडीत बसवतात. ही भीती कागदावरच्या आदेशाने जात नाही. कोणीतरी शेजारी उभं राहून पहिल्यांदा करवून घ्यावं लागतं. तज्ज्ञाचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे दिसतो.

आणि रेफरची चिठ्ठी. इंदूरला येणाऱ्या बाईच्या हातात पुष्कळदा अर्ध्या पानाचा कागद असतो, त्यावर ‘उच्च केंद्र में रेफर’ एवढंच. रक्तदाब किती होता, कुठलं इंजेक्शन किती वाजता दिलं, रक्तगट कोणता, काही नाही. मग इथे पुन्हा पहिल्यापासून तपासणी सुरू होते. त्याच चिठ्ठीवर चार ओळी जास्त लिहिल्या आणि गाडी निघतानाच पुढच्या रुग्णालयाला फोन केला, तर गाडी झाबुआ-इंदूर रस्त्यावरचा माछलिया घाट ओलांडेपर्यंत इकडे रक्ताची पिशवी तयार ठेवता येते. याला पैसा लागत नाही, सवय लागते. अलीराजपूरच्या बऱ्याच बायका इंदूरऐवजी दाहोदला किंवा बडोद्याला नेल्या जातात, कारण ते जवळ पडतं. रस्ता राज्याची हद्द ओलांडतो, पण कागदपत्रं आणि फोन नंबर हद्दीवर अडकतात, हेही सुधारायला हवं.

रक्ताबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण सगळ्याच्या मुळाशी ते आहे. निरोगी बाईचं बाळंतपणात अर्धा लिटर रक्त गेलं तरी ती सावरते. हिमोग्लोबिन ६ असलेल्या बाईच्या अंगात मुळात प्राणवायू वाहून नेणारा ऐवजच इतका थोडा असतो, की तेवढंच रक्त गेलं तर तिचं हृदय दमतं. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय, आणि ७ च्या खाली तीव्र. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय आढळला. सरकार लोहाच्या १८० गोळ्या फुकट देतं. गोळ्यांनी शी काळी होते, मळमळतं, म्हणून त्या ट्रंकेत पडून राहतात. नर्सने ‘काळी होणारच, घाबरू नको, जेवल्यावर घे, चहाबरोबर घेऊ नको’ एवढं जरी नीट सांगितलं तरी गोळ्या पोटात जाण्याचं प्रमाण वाढतं. रक्तक्षय जास्त असेल किंवा गोळ्या सोसत नसतील तर लोहाचं सलाईन आता एकाच बैठकीत देता येतं. दोन दिवसांत परत मजुरीला जाणाऱ्या बाईला तेच सोयीचं. अगदीच तीव्र असेल तर मात्र तिला भरती करून रक्तच द्यावं लागतं.

या पट्ट्यात त्यात सिकलसेलची भर पडते. हा आनुवंशिक आजार आहे. लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक नसांत अडकून भयंकर कळा आणतात. आई-बाप दोघेही नुसते वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये तपासणीची मोहीम झाबुआ आणि अलीराजपूर या जिल्ह्यांपासूनच सुरू केली. पुढे १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय मोहिमेची सुरुवात शहडोलला झाली. सिकलसेल असलेल्या बाईचं गरोदरपण पहिल्या महिन्यांपासून तज्ज्ञाच्या नजरेखाली हवं. तिला फॉलिक ॲसिड लागतंच. लोह मात्र तपासून द्यायचं, कारण तिचं हिमोग्लोबिन पेशी फुटल्यामुळे कमी असतं, लोह संपल्यामुळेच असेल असं नाही. अशी बाई आठव्या महिन्यात रात्री कळांनी तळमळत आली, तर ती बाळंतपणाची कळ की सिकलसेलची, हे ओळखायला समोरच्या नर्सला आधीचा रिपोर्ट हातात लागतो.

इथवर बाळंतपणाचंच बोलले. सरकारी योजनांचा भरही तिथेच असतो, आणि मला त्याची खंत आहे. बाई म्हणजे फक्त बाळंतीण नव्हे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. त्यांचा तो अभ्यास १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी एक तरी आजार होता आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या जेमतेम ८ टक्के. पांढरं जाणं, पाळीत अतोनात रक्त जाणं, ओटीपोटाची जुनी दुखणी. यातलं बहुतेक बाई कोणाला सांगतच नाही.

अंग बाहेर येण्याचंच बघा. खूप बाळंतपणं, बाळंतपणानंतर लगेच डोक्यावर ओझी, त्यामुळे आधार सैल होऊन गर्भपिशवी खाली सरकते. बाई वर्षानुवर्षं ती हाताने आत सारून शेतात राबते. प्रत्येकीला ऑपरेशन लागत नाही. सिलिकॉनची एक गोल कडी, तिला पेसरी म्हणतात, वेगवेगळ्या मापांत मिळते. योग्य माप निवडून ती दुमडून आत बसवायची. मग बाईला चालायला, खोकायला, उकिडवं बसायला सांगायचं. लघवीला जाऊन यायला सांगायचं. कडी टोचत नाही, निसटत नाही, लघवी अडत नाही, तर माप बरोबर. दर तीन महिन्यांनी काढून धुऊन परत बसवायची. शिकलेली नर्स हे उपकेंद्रात करू शकते. पहिल्यांदा कडी बसवल्यावर खाली वाकून बघणारी, पुन्हा उठून बसून बघणारी बाई मी पाहिली आहे. ‘हवे नी आवे?’, म्हणजे आता नाही ना येणार, असं तिने तीनदा विचारलं होतं.

हा पर्याय कोणी सांगितलाच नाही, तर उरतो एकच मार्ग: पिशवी काढून टाका. बीडच्या ऊसतोड बायकांची पिशवी काढण्याची प्रकरणं २०१९ मध्ये महाराष्ट्रभर गाजली. आपल्या भागातही मजुरीचा खाडा नको म्हणून तिशीतली बाई पिशवी काढायला स्वतःहून तयार होते, आणि पांढरं जाण्यासारख्या औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारीवर कुणीतरी ते करून देतं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर त्या वयात हाडं ठिसूळ व्हायला लागतात. ज्या बाईचं पोट डोक्यावरच्या ओझ्यावर चालतं तिची हाडं.

गर्भाशयमुखाचा कर्करोग तर तज्ज्ञ गावात नसतानाही रोखता येतो, याचा पुरावा मराठी मुलुखातलाच आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या मदतीने काम झालं. २००९ मध्ये निष्कर्ष आले: आयुष्यात एकदा, या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू, चाचणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. चाचणीची सोय नसेल तर नर्स गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबते. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी.

मग इंदूरहून जाणाऱ्या शिबिरांचं काय? मंडळं, संस्था, डॉक्टरांच्या संघटना रविवारी गाडी भरून जातात, मीही जाते. एका दिवसात दीडशे बायका बघितल्या असं सांगताना आनंद होतो, पण त्यातल्या ज्या आठ-दहा जणींना पुढचे उपचार हवे होते त्यांचं काय झालं, हा प्रश्न शिबिराच्या अहवालात असायला हवा. शिबिर उपयोगी पडतं ते तोच डॉक्टर ठरावीक महिन्यांनी त्याच गावी परत जातो तेव्हा. स्त्रीरोगतज्ज्ञ पद्मश्री डॉ. भक्ती यादव यांच्याकडे इंदूरात पिढ्यान्‌पिढ्या बायका येत राहिल्या, त्या नव्वदीपर्यंत रुग्ण बघत होत्या. विश्वास असा, त्याच दारात पुन्हा पुन्हा भेटून बसतो. तारीख निवडताना मजुरांचं वेळापत्रक बघावं. होळीआधीच्या भगोरिया मेळ्याला आणि होळीला लोक गुजरातेतून परततात, तेव्हा बायका घरी भेटतात. तपासणीच्या टेबलाला जाड पडदा हवा, भिली किंवा भिलाली बोलणारी बाई शेजारी हवी, आणि स्थानिक आशा आणि नर्स दिवसभर सोबत हव्यात, कारण दुसऱ्या दिवसापासून बायका त्यांच्याकडेच येणार.

महाराष्ट्राच्या आदिवासी भागातली माहेरघर योजना मला मनापासून आवडते. तारीख जवळ आलेली बाई काही दिवस आधीच आरोग्य केंद्राशेजारी येऊन राहते, बरोबर लहान मूल आणि घरचं एक माणूस, जेवणाची सोय तिथेच. झोळी, घाट, रात्रीची गाडी, हे सगळं टळतं. चुलीवर स्वतः रांधायची मुभा आणि आपली माणसं जवळ असली तर बायका राहतात, नाहीतर निघून जातात.

शेवटी इंदूरकरांसाठी. तुमच्या कॉलनीत इमारत उभी राहत असेल तर तिथे काम करणाऱ्या बायका बहुधा झाबुआ, धार, अलीराजपूरच्याच असतात. त्यांच्यातली एखादी गरोदर असेल तर तिच्याकडे एमसीपी कार्ड, म्हणजे आई आणि बाळाच्या तपासण्यांची नोंद ठेवणारं सरकारी कार्ड आहे का ते विचारा. गावाकडे नोंद झाली असली तरी दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात जवळच्या सरकारी दवाखान्यात तिची तपासणी फुकट होते. चौथ्या महिन्यानंतर डॉक्टरच बघतात, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन मोजतात, आणि जोखीम असेल तर कार्डावर लाल खूण करतात. त्या दिवसाची मजुरी ठेकेदाराने कापू नये एवढं त्याच्याशी बोलून घ्या, आणि सिकलसेलची तपासणी झाली नसेल तर तीही त्याच दिवशी करून घ्यायला तिला सांगा.